शून्य-वीस ते शून्य-अठ्ठावीस

दिवाळीला आठ दिवस होते. आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांचा पहिला गठ्ठा आला. सुतळी कापली की नव्या शाईचा वास काउंटरभर पसरतो आणि बाकावर पेपर वाचत बसलेले पेन्शनर काका मान वर करतात. आता प्रत्येक अंकावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक टाकायचा, प्लास्टिकचं कव्हर घालायचं आणि मग योजनेतल्या सभासदांना वाटप सुरू करायचं. हे सभासद वेगळे पैसे भरतात आणि अंक गुढीपाडव्यापर्यंत घरोघर फिरत राहतात.

त्या दिवशी माझ्या पिशवीत आणखी एक गठ्ठा होता, फुलस्केप कागदांचा. एम.लिब.च्या असाइनमेंट त्या आठवड्यात अभ्यासकेंद्रावर द्यायच्या होत्या आणि त्या हातानंच लिहायच्या असतात. पहिलाच प्रश्न होता : वाचनाच्या सवयी घडवण्यात सार्वजनिक ग्रंथालयाची भूमिका स्पष्ट करा. समोर साठ कोरे करकरीत अंक पडलेले, आणि मला त्यातला एकही उघडता येत नव्हता, कारण मला वाचनाच्या सवयींवर आठ पानं लिहायची होती.

सासूबाई हे सगळं घरून पाहत असतात. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे. "पुस्तकांच्या शाळेत जातेस, आणि हातात पुस्तक काही दिसत नाही गं तुझ्या."

*

मी तालुक्याच्या गावातल्या शासनमान्य 'ब' वर्ग वाचनालयात सहायक आहे. अकरा वर्षं झाली. ग्रंथालय प्रमाणपत्राचा छोटा कोर्स केला, मग बी.लिब. आणि आता सदतिसाव्या वर्षी दूरशिक्षणानं एम.लिब. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय; मधल्या वेळात घर, मुलाची शाळा आणि परिरक्षण अनुदानाचे कागद. रविवारी संपर्कसत्र. त्यासाठी पहाटेची एसटी. परीक्षा डिसेंबरात.

ओळखीपाळखीत कोणाला सांगितलं की मी ग्रंथालयशास्त्र शिकते, की उत्तर ठरलेलं : "मजा आहे बुवा, नुसती पुस्तकं वाचायची!" मीही याच समजुतीनं आले होते. आमच्या वर्गातल्या बहुतेकांची गोष्ट तीच आहे. लहानपणी वाचनालयातल्या बाईंनी एकाऐवजी दोन पुस्तकं नेऊ दिली, त्या उपकाराची फेड म्हणून माणूस या वाटेला लागतो. आणि इथे आल्यावर कळतं की अभ्यासक्रमात पुस्तक सगळीकडे आहे, फक्त वाचायला नाही. त्याचा वर्ग ठरवायचा, त्याची नोंद करायची, त्याची देवघेव मोजायची, त्याला वाळवीपासून वाचवायचं आणि शेवटी त्याचं निर्लेखन करायचं. जन्मापासून तेराव्यापर्यंत सगळे संस्कार. गप्पा तेवढ्या राहून जातात.

पुण्यात नियमित वर्गात शिकणारी एक मुलगी मला संपर्कसत्राच्या निमित्तानं भेटली. आधी मराठीत एम.ए. केलेली. ती म्हणाली, "ताई, एम.ए.ला आठवड्याला एक कादंबरी पडायची. इथे आठवड्याला नियमांची एक संहिता पडते." तिचा दिवस माझ्यापेक्षा सोपा असेल असं वाटलं होतं, तसं काही नव्हतं. सकाळी वर्ग, दुपारी एका खासगी अभ्यासिकेच्या काउंटरवर नोकरी, रात्री नेट आणि सेटची तयारी. उशाशी एक कादंबरी जूनपासून होती. खूण चाळिसाव्या पानावर. "ती आता पुस्तक राहिलेली नाही," ती म्हणाली, "ती माझी उशी झाली आहे."

*

हा अभ्यास कोरडा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एसटीच्या खिडकीशी बसून इतिहासाचा पेपर वाचताना मला कितीतरी वेळा उतरायचं ठिकाण गेल्याची भीती वाटली आहे.

भारतात ग्रंथपालांना शिकवण्याचा पहिला वर्ग बडोद्यात भरला, १९११ साली. त्यामागे होते महाराज सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा मुलगा. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून ते इतके भारले की विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालालाच त्यांनी १९१० मध्ये बडोद्याला आणलं. संस्थानात गावोगाव वाचनालयं निघाली, आणि जिथे वाचनालय पोचत नव्हतं तिथे पेट्यांमधून पुस्तकं जाऊ लागली. आपल्याकडच्या फिरत्या पेट्यांची कल्पना मला नवी वाटत होती. ती शंभर वर्षांहून जुनी निघाली.

मग येतात रंगनाथन. आमच्या शास्त्रात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला त्या शांततेला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणाले. त्यांना शिकायला लंडनला पाठवलं. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला : त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तशी वेगळी गाडी. विषयांचंही असंच करता येईल, हे त्यांना तिथे सुचलं, आणि त्यातून पुढे द्विबिंदू वर्गीकरण आलं. ते पुस्तक १९३३ चं. त्याआधी १९३१ मध्ये पाच सूत्रं. ग्रंथ वापरण्यासाठी असतात; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक; वाचकाचा वेळ वाचवावा; आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाच ओळी. पहिल्या दिवशी वाटलं, यात शिकायचं काय?

चौथ्या सूत्रापाशी मी अडखळले. वाचकाचा वेळ वाचवायचा, ठीक. पण ग्रंथपाल होऊ पाहणारीचा वेळ कोण वाचवणार? त्याचं बाजारातलं उत्तर म्हणजे गाईड. पाच सूत्रं दोन पानांत, प्रत्येकाखाली चार मुद्दे, परीक्षेत सोळापैकी बारा मार्क. आमच्या वर्गात मूळ पुस्तक फारसं कोणी उघडत नाही. मी उघडलं ते चुकून. गाईड घरी विसरलं होतं आणि अभ्यासकेंद्राच्या कपाटात इंग्रजी मूळ प्रत होती. तर आत सूत्रं चक्क माणसांसारखी बोलतात! एकमेकांना टोकतात, ग्रंथालयाच्या चालकांशी वाद घालतात. पाठ्यपुस्तक वाचताना मी हसते आहे, हे पाहून शेजारच्या मुलानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. त्या दिवशी माझ्या वेळापत्रकातले तीन तास बुडाले, आणि कोर्समधलं मी मनापासून वाचलेलं पहिलं पुस्तक मिळालं.

*

या शिक्षणात वाचनाचा एक प्रकार मात्र जरूर शिकवतात. त्याला तांत्रिक वाचन म्हणतात. पुस्तक हातात आलं की शीर्षकपृष्ठ, त्याच्या मागचं पान, अनुक्रमणिका, प्रस्तावना, शेवटची सूची आणि मलपृष्ठ. पाच मिनिटांत हे पुस्तक कशाबद्दल आहे, ते ठरवायचं आणि वर्गांक द्यायचा. नाडीपरीक्षेसारखं आहे. सराव झाला की हात आपोआप जातो.

आणि फसतोही. मराठी लेखकांना ग्रंथपालाची दया येत नाही. 'नाच ग घुमा' नृत्यात जात नाही. ते माधवी देसाईंचं आत्मचरित्र. 'रामनगरी' भूगोलात नाही, तेही आत्मचरित्र. 'झोंबी' वाचून कोणी कुस्तीचं कपाट शोधू लागला तर आनंद यादव तिथे भेटणार नाहीत. नावांचा घोळ वेगळाच. राम गणेश गडकऱ्यांनी तालिका (कॅटलॉग) करणाऱ्याची परीक्षाच घेतली आहे : नाटकं स्वतःच्या नावानं, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज हे एकच, हे शाळेतल्या पोराला कळतं. यंत्राला शिकवावं लागतं.

माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मला सर्वांत छळलेलं पुस्तक आहे 'एका कोळियाने'. आधी एकानं ते मत्स्यव्यवसायात टाकलं, त्यावर वर्ग मनसोक्त हसला. मग मॅडमनी नियम सांगितला. ड्युई दशांश पद्धतीत भाषांतर मूळ भाषेच्या साहित्यात जातं. म्हणजे हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद ८९१.४६३ या मराठी कादंबरीच्या कपाटात येत नाही, ८१३.५२ म्हणजे अमेरिकन कादंबरीत जातो. मी हात वर केला. "मॅडम, आमच्याकडे लोक 'पुलंचं कोळियाने' असं म्हणूनच मागतात." मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत ८१३.५२ लिहा. वाचनालयात जिथे सापडेल तिथे ठेवा." ग्रंथालयशास्त्राचं इतकं नेमकं सार मला गाईडात मिळालेलं नाही.

ज्ञानेश्वरीचं काय करायचं, यावर तर एक आख्खा रविवार गेला. गीतेचा वर्गांक २९४.५९२४, मराठी कवितेचा ८९१.४६१. मेल्विल ड्युईनं १८७६ साली हे कोष्टक पहिल्यांदा छापलं तेव्हा ते ४४ पानांचं होतं, आणि धर्मासाठी ठेवलेल्या २०० ते २९९ या जागेतली बहुतेक जागा एका ख्रिस्ती धर्माला दिली होती. उरलेलं सगळं जग २९० च्या खोलीत दाटीवाटीनं. नव्या आवृत्त्यांत डागडुजी झाली, पण भिंती त्याच. आमच्या वाचनालयात ज्ञानेश्वरी 'धार्मिक'मध्ये आहे. वारकरी आजोबांना ती तिथेच लागते. मराठीचा अभ्यास करणारी मुलं कवितेच्या कपाटाशी उभी राहतात आणि मला हाक मारतात. एकाच पोथीला दोन दारं हवीत, पण कपाटात ती एकाच जागी बसणार. दुसरं दार म्हणजे तालिकेतली नोंद; तिथे दार नसेल तर काउंटरवरचं माणूस.

*

वेळ कुठून काढायचा, यावर आमच्या गटात मोबाइलवर सतत खल चालतो. एकजण पहाटे साडेचारला उठतो. एकीनं मुलाच्या क्लासबाहेरचा कट्टा पकडला आहे. संगणकाच्या पेपरासाठी मार्क (MARC) या संगणकीय नोंदपद्धतीची क्षेत्रं पाठ करायची असतात : १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ३०० म्हणजे पानं आणि आकार, ६५० म्हणजे विषय. शिपायाची नोकरी करणाऱ्या एका मित्रानं ती घराच्या जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं लिहिली. बायको २४५ वर उभी राहून त्याला चहाला बोलावते, असं तो सांगतो.

माझी युक्ती कार्डांची. संगणक आल्यावर आमच्या लाकडी तालिकेतली जुनी कार्डं माळ्यावर गेली होती. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर, खाली मधोमध दांडीसाठी भोक. मी शंभरेक कार्डं घरी आणली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नोट्स काढू लागले. एका बाजूला माझ्या घाईच्या अक्षरात ग्रंथालय कायद्यांची साखळी : कोल्हापूर संस्थान १९४५, मद्रास १९४८, हैदराबाद १९५५, आंध्र १९६०, म्हैसूर १९६५, महाराष्ट्र १९६७. उलटलं की दुसऱ्या बाजूला माझ्या आधीच्या कुणाचं तरी टपोरं, निळ्या शाईतलं, एकाही खाडाखोडीविना अक्षर : लेखकाचं नाव, शीर्षक, दाखल क्रमांक. पाठांतर करायला कार्ड हातात घ्यावं आणि पुस्तकाच्या नावानंच अडवावं, असं होऊ लागलं. कायद्याचं साल पक्कं व्हायच्या आत मागचं पुस्तक आहे का हे पाहायला मी उठायची. काही सापडायची, काही निर्लेखनात गेलेली. कार्ड शिल्लक, पुस्तक नाही. माझ्या अभ्यासाचंही तसंच झालं होतं. हजारेक पुस्तकांची नावं, लेखक, प्रकाशक, वर्गांक तोंडपाठ. आत काय आहे, ते ठाऊक नाही.

*

हे मला लख्ख कळलं ते यंदाच्या गणपतीत. नववीतली एक मुलगी 'बनगरवाडी' परत करायला आली. व्यंकटेश माडगूळकरांचं. पुस्तक काउंटरवर ठेवलं, पण हात त्यावरच. "ताई, असं अजून आहे का? मास्तर नवीन गावात जातो, असं?"

मी शिकलेली पद्धत वापरली. संगणकात शोध घेतला. विषय : मराठी कादंबरी. पडद्यावर यादी सुरू झाली ती संपेना. कादंबरीच्या कथानकात मास्तर आहे की मामलेदार, हे आमच्या नोंदीत नसतं, ८९१.४६३ हा आकडा भाषा आणि प्रकार सांगतो, पुढे गप्प होतो. मी यादी खाली सरकवत होते, आणि मुलगी धीरानं उभी.

मग हात दुसऱ्याच कपाटाकडे गेला. 'शैक्षणिक'. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न', मूळ गुजराती, त्याचा मराठी अनुवाद. एक मास्तर चौथीचा वर्ग मागून घेतो आणि गोष्टी सांगत, खेळत शिकवायचा प्रयोग करतो. ड्युईच्या हिशेबात ते ३७२, प्राथमिक शिक्षण. बनगरवाडीपासून पाचशेहून अधिक आकडे दूर, आमच्या खोलीत मधे तीन कपाटं आणि एक पिण्याच्या पाण्याचा माठ. कोणतंही कोष्टक या दोन पुस्तकांना शेजारी बसवणार नाही. ती शेजारी बसली माझ्या डोक्यात, कारण मी दोन्ही वाचली होती.

मुलगी पुस्तक घेऊन गेली आणि मला बरं वाटायच्या ऐवजी धसका बसला. 'दिवास्वप्न' मी वाचलं होतं बारा-तेरा वर्षांपूर्वी. त्या जोरावर आज एका वाचकाला तिचा ग्रंथ मिळाला. कोर्स सुरू झाल्यापासून दीड वर्षात असं मी किती साठवलं? हिशेब करायला बोटंही पुरून उरली. मी व्याजावर जगते आहे असं वाटत होतं. खरं तर मुद्दल खात होते.

एका निवृत्त ग्रंथपालांना मी हे बोलून दाखवलं. शहरातल्या मोठ्या वाचनालयात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "सगळं वाचायच्या मागे लागलीस तर काउंटर बुडेल. काहीच वाचलं नाहीस तर काउंटरला अर्थ नाही. आम्ही परत आलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात लावण्याआधी एक पान वाचायचो. कुठलंही. वाचकाच्या हाताची ऊब असेपर्यंत." मी विचारलं, एका पानानं काय होतं? ते म्हणाले, "एका पानानं पुस्तक तुला ओळखायला लागतं."

त्यांचं ऐकून मी पुस्तकं लावताना एकेक पान वाचू लागले. शिवाय अभ्यासाच्या वेळापत्रकात एक रकाना वाढवला, रोज वीस मिनिटांचा. वर काय लिहावं, सुचेना. ड्युईचं कोष्टक समोर होतं. ०२० : ग्रंथालयशास्त्र. ०२७.४ : सार्वजनिक ग्रंथालयं, त्याला महाराष्ट्राचा आकडा जोडला की ०२७.४५४७९२, हा आमच्या वाचनालयाचा पत्ता. आणि त्याच्याच पुढच्या दारात ०२८ : वाचन. शास्त्र करणाऱ्यांनी वाचनाला घराबाहेर काढलेलं नव्हतं. त्याच चाळीत, शेवटून दुसरी खोली दिली होती. वीसवरून निघून अठ्ठावीसपर्यंत चालत जायला मलाच दीड वर्ष सवड झाली नव्हती. रकान्यावर मी ०२८ लिहिलं. सासूबाईंनी विचारलं, हा कुठला पेपर? म्हटलं, याची परीक्षा तुम्ही घ्यायची.

सगळे दिवस पाळले जातात असं नाही. अनुदानाच्या तपासणीच्या आठवड्यात रकाना कोराच राहिला. एकदा वीस मिनिटांचा दीड तास झाला आणि दुसऱ्या दिवशीची प्रकरणं राहिली. संशोधनपद्धतीच्या चाचणीत मला त्यामुळेच कमी मार्क पडले असणार. ब्रॅडफर्डचा नियम मी अजूनही झिफच्या नियमात मिसळते.

*

तर दिवाळीआधीचा तो सोमवार. साठ अंकांना शिक्के मारून झाले. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. वाचनालयात काम करणाऱ्यांच्या घरात तो गुढीपाडव्यानंतर येतो, कोपरे दुमडलेला, शब्दकोडं कोणीतरी सोडवलेलं. याचं मला वाईट वाटत नाही. कोणत्या पानावर चहा सांडला आहे, त्यावरून कुठला लेख वाचला गेला ते कळतं.

सातच्या सुमाराला ती नववीतली मुलगी आली. शाळेला सुट्टी लागली होती. मधल्या काळात दोनदा मुदत वाढवून घेतलेलं 'दिवास्वप्न' तिनं काउंटरवर ठेवलं.

"कसं वाटलं?"

"मास्तर चांगला आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण यात मेंढरं नाहीत."

मी संगणकाकडे वळले आणि वळता वळताच थांबले. मेंढरं टाकली तर यंत्र मला ६३६.३ देणार, पशुसंवर्धन. तिला हवी ती मेंढरं तिथे नव्हती. ती कुठल्या कपाटात होती, मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या आठवणीत मेंढरं असलेलं दुसरं पुस्तक नव्हतं.

असाइनमेंटचे कागद काउंटरखाली होते. पहिल्या प्रश्नाची आठपैकी तीन पानं झाली होती. पेन्शनर काका एव्हाना शिक्का न सुकलेला अंक हळूच ओढून वाचू लागले होते.

"शनिवारी ये," मी तिला म्हटलं. "तोवर मी वाचून ठेवते."